पहिला मणका ‘जागेवर बसवून’ बीपी जात नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. सोबत एक रील: टेबलावर आडवा झालेला माणूस, त्याच्या कानामागे दिलेला हलका झटका, आणि उठल्याउठल्या त्याच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी. मेसेजमधला दावा थोडक्यात असा आहे. कवटीखालचा पहिला मणका, म्हणजे ॲटलस, दहापैकी नऊ जणांचा सरकलेला असतो. त्यामुळे मेंदूकडून शरीराला जाणारे संदेश अडतात आणि मायग्रेन, चक्कर, थायरॉइड, बीपी मागे लागतात. मणका सरकलाय की नाही हे दोन पायांची लांबी बघून मिनिटभरात कळतं. ‘अप्पर सर्व्हायकल कायरोप्रॅक्टिक’ने, म्हणजे मानेचे वरचे मणके हातांनी दाबून केलेल्या उपचारानं, तो जागेवर बसवला की गोळ्या बंद. शिकागोमध्ये हे सिद्ध झालंय. धोका काहीच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेवर हातांनी उपचार करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मी हातांच्या उपचारांविरुद्ध लिहितेय असं कुणी समजू नये. दुखऱ्या, आखडलेल्या मानेला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण हा मेसेज वाचून लोक गोळ्या सोडतात, आणि ते मी पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलते.

‘दहापैकी नऊ जणांचा ॲटलस सरकलेला असतो’

ॲटलस बाकीच्या मणक्यांसारखा नसतो. त्याला पुढचा ठोकळा नाही, मागचा काटा नाही. ती हाडाची एक कडी आहे आणि तिच्यावर कवटी टेकलेली असते. खालच्या मणक्यातून, ॲक्सिसमधून, एक सुळका वर येतो आणि या कडीच्या पुढच्या भागाला आतून टेकतो. त्या सुळक्याभोवती कडी फिरते. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो, त्यातलं जवळपास निम्मं वळण या एका सांध्यात होतं. रिक्षावाल्यानं मागे वळून ‘कुठं जायचंय’ विचारलं की त्याचा ॲटलस जागचा हलतो, मान सरळ केली की परत येतो. हलणं हे त्याचं कामच आहे.

स्वतःच पाहा. कानाच्या पाळीखाली, जबड्याचा कोपरा आणि कानामागचं हाड यांच्या मधल्या खळग्यात बोट हलकेच टेकवा. दाबू नका, तिथं दुखरं असतं. आत टणक काहीतरी लागतं, ते ॲटलसचं बाजूचं टोक. आता दुसऱ्या बाजूला तसंच करा. एका बाजूला ते पुढे लागेल, दुसरीकडे जरा आत किंवा खोल. निरोगी माणसांच्या सीटी स्कॅनमध्येही सुळक्याच्या दोन्ही बाजूंची फट पुष्कळदा कमीजास्त दिसते. माणसाचं शरीर डावं-उजवं तंतोतंत सारखं नसतंच. या नेहमीच्या फरकाला ‘सरकलाय’ म्हणायचं ठरवलं, तर नऊच काय, दहाच्या दहा जण पेशंट निघतील.

ॲटलस खरोखर सरकतो तेव्हा चित्र फार वेगळं असतं. अपघातात सरकतो. रूमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सुळक्याला धरून ठेवणारं अस्थिबंधन झिजलं की सरकू शकतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांमध्ये ते बंधन मुळातच सैल असतं. अशा वेळी मज्जारज्जू दबतो, हातापायांतली ताकद जाते, चाल बिघडते. हे न्यूरोसर्जनचं काम आहे, आणि तिथं मानेला झटका देणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथं १८९५ मध्ये डी. डी. पामर या चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थांनी एका सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा गेला असं जाहीर केलं. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात ही. त्यांचा मुलगा बी. जे. पामर यांनी १९२४ मध्ये मणक्यांजवळचं तापमान मोजणारं एक यंत्र आणलं, ते कायरोप्रॅक्टरांना भाड्यानं दिलं, आणि १९३० च्या दशकात असं मांडलं की सगळा बिघाड वरच्या दोन मणक्यांतच असतो, तेवढे नीट केले की पुरे. ग्रॉस्टिक, नक्का, ब्लेअर, ॲटलस ऑर्थोगोनल या आजच्या पद्धती त्याच विचारातून फुटल्या. मणका सरकल्यानं रोग होतात या मूळ कल्पनेबद्दल ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्याच नियामक परिषदेनं, जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनं, २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती रोगाचं कारण आहे असा दावा करण्याजोगा संशोधनाचा पुरावा नाही. हे बोलणारे डॉक्टर नव्हते, त्यांचे स्वतःचे लोक होते.

‘मेंदूचे संदेश अडतात’

ॲटलसच्या कडीत आतली जागा ऐसपैस असते. ढोबळमानानं एक तृतीयांश सुळका, एक तृतीयांश मज्जारज्जू आणि एक तृतीयांश मोकळी जागा, असं शरीररचनेच्या वर्गात शिकवतात. मिलिमीटरच्या फरकानं तिथं काही दबत नाही. रक्तदाब सांभाळणारी केंद्रं मस्तिष्कस्तंभात, म्हणजे कवटीच्या आत. रीलमध्ये जिचं नाव सारखं घेतात ती व्हेगस नस कवटीच्या वेगळ्याच छिद्रातून बाहेर पडते आणि गळ्याच्या पुढच्या बाजूनं खाली जाते. ती या कडीतून जातच नाही. थायरॉइडला हुकूम देते पिट्युटरी ग्रंथी, आणि तो हुकूम रक्तातून जातो, टीएसएच या संप्रेरकाच्या रूपानं. मणक्याचा त्यात कुठंच हात नाही.

‘पायांची लांबी बघून कळतं’

इथं मला जरा थांबायचंय, कारण बघणाऱ्याला सगळ्यात जास्त पटतं ते हेच.

पेशंटला टेबलावर झोपवतात, बहुतेक वेळा बूट न काढता. तपासणारा टाचांखाली हात घालून पावलं किंचित उचलतो आणि दोन्ही टाचांच्या कडा एका रेषेत आहेत का ते पाहतो. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक दिसला की ‘बघा, ॲटलस सरकलाय’. मान दाबून झाल्यावर पुन्हा पावलं उचलतो, आता कडा जुळलेल्या. पेशंट चकित, नातेवाईक मोबाइलवर शूटिंग करतायत.

या फरकाला कारणं किती असतात ते पाहा. बुटाचा तळ एका बाजूनं झिजलेला. पेशंट टेबलावर जरा तिरका पडलेला. एका बाजूचा कमरेचा स्नायू आखडलेला. तपासणाऱ्यानं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त दाबलेलं, तेही नकळत. त्यातून बहुतेक माणसांच्या पायांच्या लांबीत मुळातच थोडा फरक असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी तपासणारा, उपचार करणारा आणि नंतर पुन्हा तपासणारा माणूस एकच असतो. निकाल काय यायला हवा हे त्याला ठाऊक असतं. तो लबाड असायची गरज नाही, माणसाचा डोळा असाच चालतो.

दुसरी तपासणी एक्स-रेची. समोरून, बाजूनं आणि डोक्यावरून असे तीन फोटो, त्यांवर रेषा, रेषांचे कोन अंशाच्या भागापर्यंत. कायरोप्रॅक्टर म्हणतात की एकाच फिल्मवर दोघांनी रेषा आखल्या तर आकडे बऱ्यापैकी जुळतात. मान्य. पण आकडा जुळला म्हणून तो आजाराचं कारण ठरत नाही. त्यासाठी ते कोन पाहून, नाव न सांगता, मायग्रेनचा पेशंट कोण आणि ठणठणीत माणूस कोण हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते जोवर जमत नाही तोवर ही तपासणी कसलीच तपासणी नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. उपचार चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न, आधी जो दोष शोधला तो दोषच आहे का ते सांगा. शिवाय सुधारणा झाली का हे बघायला पुन्हा पुन्हा मणक्यांचे एक्स-रे काढू नका, असं अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननंच २०१७ मध्ये आपल्या सभासदांना सांगितलंय.

‘शिकागोमध्ये सिद्ध झालंय’

हा अभ्यास खरा आहे. २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ ह्यूमन हायपरटेन्शन’मध्ये तो छापून आला. मेसेजमध्ये नसतो तो तपशील असा. माणसं ५०. सगळ्यांचा रक्तदाब पहिल्या टप्प्यातला, म्हणजे थोडासाच वाढलेला. अर्ध्याअधिकांनी कधी गोळी घेतलेली नव्हती, बाकीच्यांच्या गोळ्या अभ्यासापुरत्या थांबवलेल्या. काहींना नक्का पद्धतीचा खरा उपचार, काहींना लुटूपुटूचा. आठ आठवड्यांनी खऱ्या गटाचा वरचा आकडा सरासरी १७ नं खाली आला, दुसऱ्या गटाचा ३ नं. संशोधकांपैकी एकानं तेव्हा म्हटलं होतं की दोन औषधं एकत्र दिल्यासारखा हा परिणाम आहे. रीलमध्ये तेच वाक्य येतं.

पण अभ्यासाच्या शीर्षकातच ‘पायलट स्टडी’ लिहिलंय, म्हणजे मोठी चाचणी करण्याजोगं काही आहे का ते चाचपणारा छोटा अभ्यास. एक केंद्र, आठ आठवडे, ५० माणसं. पेशंटला आपण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं, पण मान दाबणाऱ्याला ते माहीत असणारच. एवढ्याशा आधारावर जगात कुठंही बीपीचा उपचार बदलत नाहीत. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी रक्तदाबाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गोळ्यांशिवायचे उपाय त्यांत सविस्तर आहेत: वजन, मीठ, भाज्या-फळांचा आहार, पोटॅशियम, व्यायाम, दारू. ॲटलस नाही.

माझ्याकडे खांदा जखडलाय म्हणून येणाऱ्या एका काकूंचं उदाहरण सांगते. बरीच वर्षं बीपीची गोळी चालू. मुलीनं मेसेज पाठवला, कुणाकडून तरी मान ‘बसवून’ घेतली, दोन दिवस फार हलकं वाटलं, गोळी बंद. माझ्याकडे आल्या त्या खांद्यासाठीच. व्यायामाआधी मी सवयीनं बीपी मोजलं, १९० वर ११०. त्यांना काहीच होत नव्हतं. ‘मला तर बरं वाटतंय गं’, त्या म्हणत होत्या. बीपीचं हेच वाईट असतं, डोक्यातली शीर फुटेपर्यंत ते बरंच वाटू देतं. त्या दिवशी व्यायाम बाजूला ठेवून त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

‘मायग्रेन मुळापासून जातं’

मानेतून उठणारी डोकेदुखी हा खरा प्रकार आहे. तिच्यात मानेवरचे उपचार आणि विशिष्ट व्यायाम यांचा फायदा २००२ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या २०० जणांच्या चाचणीत दिसला आणि तो वर्षभर टिकला. मायग्रेनचं तसं नाही. नॉर्वेत १०४ पेशंटवर कायरोप्रॅक्टिकची चाचणी झाली, २०१७ मध्ये छापून आली. खरा उपचार, खोटा उपचार आणि नेहमीची औषधं, तिन्ही गटांत मायग्रेनचे दिवस कमी झाले. कायरोप्रॅक्टिकच्या गटातला फरक बहुधा प्लासिबोचा, म्हणजे उपचार मिळतोय या नुसत्या विश्वासाचा परिणाम असावा, असं संशोधकांनी म्हटलं. ती पद्धत नक्का नव्हती, हे खरं. पण खास नक्काचा मायग्रेनवरचा २०१५ मधला अभ्यास अवघ्या ११ जणांचा आहे आणि त्यात तुलनेला दुसरा गटच नाही.

‘धोका काहीच नाही’

इथं सरसकट बोलणं चुकीचं ठरेल. नक्कासारख्या पद्धतीत मान पिळत नाहीत, दाबही हलका असतो. मान जोरात पिळून कडकड आवाज काढण्याइतकी जोखीम त्यात दिसत नाही. अडचण अशी की भारतात कायरोप्रॅक्टिकला वेगळी वैधानिक परिषद नाही. पाटीवर ‘अप्पर सर्व्हायकल’ लिहिणारा आत काय करतो, किती शिकलाय, हे तपासणारं कुणी नाही. रील बघून तेच करणारे आहेत. सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून देण्याची आपल्याकडची सवय तर जुनीच.

मानेच्या मणक्यांच्या भोकांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर चढतात आणि नेमक्या ॲटलसवर वळसा घेतात. मान झटक्यात पिळली की धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथं गुठळी होते आणि पक्षाघात येतो. हे फार क्वचित घडतं. कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात २००८ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत अशा पक्षाघाताचा संबंध आधी कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जितका दिसला, निदान तितकाच फॅमिली डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. अर्थ असा की काहींची धमनी आधीच फाटलेली असते आणि त्याच दुखण्यासाठी ते उपचाराला जातात. कायरोप्रॅक्टरना यातून सुटका दिसते, मला उलट वाटतं. फाटलेल्या धमनीचं दुखणं मानदुखीसारखंच असेल, तर त्या मानेला झटका देण्याआधी विचारपूस हवीच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये हेच सांगितलं: संबंध दिसतो, झटक्यानंच होतं हे सिद्ध नाही, पण पेशंटला धोका आधी सांगायला हवा.

रूमेटॉइड, डाउन सिंड्रोम, हाडं ठिसूळ झालेली किंवा नुकताच अपघात झालेला असेल, तर मानेवर कुणालाही झटका देऊ देऊ नका. आणि मान मोडून घेतल्यावर, किंवा न घेताही, पूर्वी कधी झाली नव्हती अशी मानदुखी वा डोकेदुखी उठली, सोबत गरगरलं, दोन दोन दिसू लागलं, बोलताना जीभ जड झाली, तोल गेला किंवा एक बाजू बधिर झाली, तर झोपून वाट बघू नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातला बराच वेळ हॉस्पिटलला पोचण्यात आणि स्कॅन काढण्यात जातो.