आईचा अँटिबॉडी रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्यावरून

आईला मागच्या सप्टेंबरात, २०२० ला, कोविड झाला होता, घरीच बरी झाली. परवा सोसायटीतल्या सगळ्यांनी अँटिबॉडी टेस्ट (व्हायरसशी लढणारी प्रथिनं रक्तात आहेत का ते बघणारी) केली म्हणून तिनेही केली, तर निगेटिव्ह. दोन दिवस धड जेवली नाही, "म्हणजे आता माझ्यात काहीच उरलं नाही का गं" हेच चाललेलं. आणि काका, त्यांना यंदाच्या, २०२१ च्या, एप्रिलात झाला, अँटिबॉडीचा आकडा २५० च्या वर, तर ते म्हणतात मला लसच नको.

मला दोन्ही चूक वाटतं. एक तर आईची टेस्ट एन प्रोटीनची (व्हायरसच्या आतलं प्रथिन) आणि काकांची स्पाइकची (बाहेरच्या काट्यांचं प्रथिन), ते आकडे शेजारी ठेवून करणार काय? एनच्या अँटिबॉडी काही किटवर काही महिन्यांतच दिसेनाशा होतात. आणि अँटिबॉडी उतरणं हा आजार नाही हो, आयजीजी (या टेस्टमध्ये मोजतात तो अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) रक्तात ३ आठवड्यांत निम्मं होतं, ते बनवणाऱ्या बहुतेक पेशी इन्फेक्शन संपलं की मरतात, पण थोड्या बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या मगजात, जाऊन बसतात आणि तिथून थोडं थोडं बनवत राहतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांना सौम्य कोविड झालेल्यांच्या बोन मॅरोत ११ महिन्यांनीही त्या सापडल्यात. शिवाय मेमरी बी पेशी, म्हणजे व्हायरस लक्षात ठेवून पुन्हा आला की अँटिबॉडी बनवायला लागणाऱ्या, त्या तर पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त दिसल्या, आणि इन्फेक्शन झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी वेगळ्याच. यातलं काहीही आईच्या त्या कागदावर येत नाही. हे तिला समजावलं तेव्हा कुठे जेवली.

काकांचं जास्त टेन्शन आहे. किती आकडा म्हणजे सेफ, हे अजून कुणीही ठरवलेलं नाही, आणि व्हायरस बदलतोय. आपण पुणेकरांनी हे एकदा भोगलंय. मागच्या, २०२० च्या, जुलै-ऑगस्टमध्ये ५ प्रभागांत सिरो सर्व्हे (लोकांचं रक्त तपासून किती जणांत अँटिबॉडी आहेत ते बघणं) झाला, ५१.५ टक्के लोकांत अँटिबॉडी निघाल्या, ते प्रभाग जास्त पेशंटवालेच निवडलेले होते पण आपण ऐकलं एवढंच की अर्ध्या पुण्याला होऊन गेला, आता काय होतंय. आणि या मार्च-एप्रिलमध्ये बेडसाठी रात्रभर फोन फिरवत बसलो. काकांसाठीही मीच फिरवत होते, ते मी विसरू शकत नाही.

बरं झाल्यावर ३ महिन्यांनी लस घ्या असं केंद्राने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं. आईचा पहिला डोस बुधवारी आहे. काकांचे ३ महिने या महिनाअखेर भरतात, स्लॉट मी बुक करणार आहे, त्यांना कितीही नाही म्हणू देत.