‘ल मिलियों’ : प्रेमकथा की तिकिटामागची पळापळ?

वादाला तोंड फोडले ते वकिलांनी. फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेर यांचा १९३१ सालचा ‘ल मिलियों’ हा चित्रपट आम्ही सगळ्यांनीच फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला होता आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयासमोरच्या कट्ट्यावर बसताबसताच वकिलांनी जाहीर केले की, याला प्रेमकथा म्हणणे ही प्रेक्षकांची शुद्ध दिशाभूल आहे. मास्तर आणि नाना आधीच येऊन बसले होते. ध्वनिमुद्रणाचे काम करणारी शर्वरी नेहमीप्रमाणे थोडी उशिरा आली, पण तिच्या कानावर नेमके हेच वाक्य पडल्यामुळे तिने खाली बसण्याआधीच विरोध नोंदवला.

वकिलांनी आपले म्हणणे आरोपपत्रासारखे मांडले. मिशेल हा पॅरिसमधला कर्जबाजारी चित्रकार आहे, खाटकापासून वाण्यापर्यंत सगळ्यांची उधारी त्याने थकवली आहे आणि देणेकऱ्यांना चुकवत जिने चढणे-उतरणे हाच त्याचा मुख्य व्यवसाय दिसतो. समोरच्या खोलीत राहणाऱ्या, ऑपेरात नाचणाऱ्या बेआत्रिसशी त्याचे लग्न ठरले आहे, तरी चित्रासाठी समोर बसवलेल्या वांदाला तो मिठी मारतो आणि ते बेआत्रिसच्या नजरेस पडते. पुढे डच सोडतीत त्याला दहा लाख फ्लोरिन लागल्याचे कळते, तिकीट ज्या जुन्या कोटाच्या खिशात आहे तो कोट त्याने बेआत्रिसकडे शिवायला दिलेला असतो आणि तिने तो पोलिसांना चुकवत घरात शिरलेल्या एका म्हाताऱ्या चोराला देऊन टाकलेला असतो. तिथून चित्रपट संपेपर्यंत सगळे त्या कोटामागे धावत राहतात. “आता सांगा,” वकील म्हणाले, “या माणसाने संपूर्ण चित्रपटात बेआत्रिससाठी म्हणून एक पाऊल तरी टाकले आहे का? कोट चोराकडे असता तर तो चोराच्या घरी गेला असता. कोट ऑपेराच्या रंगमंचावर आहे म्हणून तो तिथे जातो. बेआत्रिस तिथे असणे हा निव्वळ योगायोग आहे.”

नानांना हा युक्तिवाद मान्य होता, पण त्यात त्यांना गैर काही वाटत नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, हा चित्रपट जॉर्ज बेर आणि मार्सेल गिमो यांच्या, पहिल्या महायुद्धापूर्वीच्या एका नाटकावर बेतलेला आहे, आणि पॅरिसच्या त्या काळच्या प्रहसनात प्रेमाचे स्थान ठरलेले असे. दारे उघडणार, दारे मिटणार, भलत्या माणसाच्या हातात भलती वस्तू जाणार, आणि पडदा पडण्यापूर्वी तरुण-तरुणीचे जुळणार. अशा रचनेत नायकाच्या निष्ठेची उलटतपासणी घेणे म्हणजे तमाशातल्या सोंगाड्याकडे रहिवासाचा दाखला मागणे होय.

मास्तरांनी मात्र वकिलांच्या तथ्यांनाच हात घातला. बेआत्रिसने कोट का दिला, हा प्रश्न वकिलांनी विचारलाच नव्हता. चोराला वेषांतरासाठी काहीतरी हवे होते हे खरे, परंतु घरातले नेमके तेच वस्त्र तिने बेधडक उचलून द्यावे, यामागे नुकतीच पाहिलेली ती मिठी आहे. म्हणजे तिकीट हरवते ते दुर्दैवाने नव्हे, तर रागावलेल्या मुलीच्या हातून. “अहो वकीलसाहेब, प्रेमातला रुसवा काढून घेतला तर कोट घराबाहेर जात नाही, आणि कोट घराबाहेर गेला नाही तर चित्रपट दहा मिनिटांत संपतो,” असे मास्तर म्हणाले, तेव्हा वकील थोडे थबकले. परंतु रुसवा हे कारण असले म्हणून पुढची धावपळ प्रेमाची ठरत नाही, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि माझ्या मते तो सोडण्याजोगाही नव्हता.

खरा वाद पेटला तो ऑपेरातल्या प्रसंगावरून. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तो प्रसंग सांगणे भाग आहे. पेर ला त्युलिप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चोराचे जुन्या वस्तूंचे दुकान आहे. तिथून सोप्रानेली नावाचा धिप्पाड गायक आपल्या भूमिकेसाठी फाटका कोट हवा म्हणून नेमका तोच विकत घेतो. प्रयोगाच्या वेळी मिशेल आणि बेआत्रिस रंगमंचावरच, नेपथ्याच्या आडोशाला अडकून पडतात. पुढे प्रेक्षकांसमोर सोप्रानेली आणि तितकीच भरभक्कम नायिका, जी दोघे घटकाभरापूर्वी एकमेकांच्या अंगावर ओरडत होती, ‘अखेर आपण दोघेच’ अशा आशयाचे युगुलगीत गाऊ लागतात. मागे लपलेल्या दोघांना बोलता येत नाही, हलता येत नाही. गाण्यातली प्रत्येक ओळ जणू त्यांच्यासाठीच लिहिली असावी, अशी त्यांच्यावर येऊन पडते. नायिका रागावल्याचे गाते, नायक विनवणी करतो, आणि इकडे बेआत्रिसचा राग हळूहळू निवळत जातो. वरून रंगमंचावरचे कामगार फुलांच्या पाकळ्या सोडतात, त्या पुढच्या खोट्या जोडप्यावर पडतात तशाच मागच्या खऱ्या जोडप्यावरही पडतात.

शर्वरीचे म्हणणे असे होते की, बोलपट नुकता सुरू झालेला असताना एका दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटातले सर्वांत महत्त्वाचे प्रेमाचे बोलणे प्रेमिकांच्या तोंडी न देता तिसऱ्यांच्या गळ्यातून काढले, यातच सगळे आले. क्लेर यांना आवाजाचे वावडे होते असे सरसकट सांगितले जाते, ते तिला अर्धवट वाटते. १९२९ साली लंडनमध्ये अमेरिकी बोलपट पाहून त्यांनी जे लिहिले, त्यात ‘ब्रॉडवे मेलडी’मधल्या एका क्षणाचे त्यांनी मनापासून कौतुक केले होते. मोटारीचे दार आपटल्याचा आणि मोटार निघून गेल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो, पण पडद्यावर दिसतो तो केवळ नायिकेचा वेदनेने भरलेला चेहरा. जे ऐकू येते तेच दाखवायचे नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला आणि दोन वर्षांनी ऑपेराच्या प्रसंगात तो पूर्णत्वाला नेला. “काका, कान पुढच्या जोडप्याकडे आणि डोळे मागच्या जोडप्याकडे,” ती वकिलांना म्हणाली, “आणि या दोहोंच्या मधल्या जागेत जे घडते, तेच तर प्रेम.”

वकिलांनी यावर दिलेले उत्तर चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. ते म्हणाले की, हीच युक्ती क्लेर पैशासाठीही वापरतात. कोटाची ओढाताण सुरू होते तेव्हा तिच्यावर रग्बीच्या सामन्यातला गोंगाट आणि पंचाची शिट्टी घातलेली आहे, म्हणजे तिथेही दिसणे एक आणि ऐकू येणे दुसरेच. मिशेलचा मित्र प्रोस्पेर पोलीस ठाण्यात त्याला ओळख देत नाही, तेव्हा त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचे आवाज समूहगान करून त्याला टोचतात. सोडत लागल्याचे कळताच कालपर्यंत तगादा लावणारे देणेकरी एका सुरात गात आनंद साजरा करतात. म्हणजे ध्वनीची करामत जर प्रेमाचा पुरावा असेल, तर ती लोभाचा, कपटाचा आणि खुशामतीचाही तितकाच पुरावा ठरते.

इथे मला माझे म्हणणे मांडावेसे वाटले. वकिलांनी दिलेली तिन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु त्या तिन्ही ठिकाणी आवाज त्या माणसांची टर उडवतो. रग्बीची शिट्टी धावणाऱ्यांना शाळकरी पोरे ठरवते, विवेकाचे गाणे प्रोस्पेरला ओशाळे करते. ऑपेरातल्या गाण्यात मात्र उलट घडते. टर उडते ती पुढे गाणाऱ्यांची. त्यांचे अवजड देह, त्यांचे हातवारे, वरून पाकळ्या टाकणारा माणूस, हे सगळे क्लेर आपल्याला आधी मुद्दाम उघड करून दाखवतात, आणि एवढे खोटे उघडे पडल्यानंतरही मागच्या दोघांवर ते गाणे चढते, आपल्यावरही चढते. प्रेमाची थट्टा करूनही ते शिल्लक ठेवणे हे फार थोड्या विनोदी चित्रपटांना साधले आहे. चार वर्षांनी मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदवीरांनीही आपल्या चित्रपटात ऑपेराचा प्रयोग उधळून लावला आणि तो कमालीचा हास्यकारक झाला, परंतु तिथे उधळण्यातला आनंदच वरचढ आहे.

मास्तरांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. लाझार मीरसन यांच्या नेपथ्यात पात्रे आणि त्यांच्या मागची दृश्ये यांच्यामध्ये झिरझिरीत पडदे लावलेले होते, त्यामुळे जॉर्ज पेरिनाल यांच्या छायाचित्रणात पाठीमागचे पॅरिस धूसर, वजन हरवल्यासारखे दिसते. कृष्णधवल चित्रपटात राखाडी रंगाच्या इतक्या छटा असू शकतात, हे त्यांना त्या खेळाच्या वेळी नव्याने जाणवले. अशा जगात कोणाचा लोभ फार बोचत नाही आणि कोणाची फसवणूक फार खुपत नाही. वकील ज्या नैतिक तराजूने मिशेलला तोलत होते, त्याच्यासाठी आवश्यक असलेले वजनच त्या जगात नाही, असा मास्तरांचा निष्कर्ष होता.

वकिलांनी तेव्हा आपला राखून ठेवलेला साक्षीदार उभा केला. झाक बेकेर यांचा १९४७ सालचा ‘आंत्वान ए आंत्वानेत’ हाही हरवलेल्या तिकिटाचाच चित्रपट आहे आणि तोही पॅरिसच्या साध्या माणसांचा, परंतु तिथे छापखान्यात खपणारा नवरा आणि दुकानात नोकरी करणारी बायको यांचे प्रेम हाच मूळ विषय आहे. सोडतीचे पैसे हाती आले तर काय घ्यायचे याची त्यांची स्वप्ने ठरलेली आहेत, त्यात बाजूला बसण्याची जोडगाडी असलेली मोटरसायकल आहे. तिकीट हरवल्यावर आंत्वानला सर्वांत मोठी भीती वाटते ती बायकोला कसे सांगायचे याची. तिच्यावर डोळा ठेवून असलेला वाणी सवलतीने माल देऊ करतो आणि युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात त्या सवलतीचा अर्थ काय, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. कान महोत्सवात त्या वर्षी या चित्रपटाला मानसशास्त्रीय आणि प्रेमविषयक चित्रपटांसाठीचे पारितोषिक मिळाले, हेही वकिलांनी पुरावा म्हणून दाखल केले.

मला स्वतःला बेकेर यांचा चित्रपट अत्यंत प्रिय आहे आणि त्यातल्या जोडप्याशी तुलना केली तर मिशेल आणि बेआत्रिस कागदी वाटतात, यात शंका नाही. परंतु दोन्ही चित्रपटांमधले पैसे एकाच जातीचे नाहीत. फ्रान्समध्ये सोडतींवर एकोणिसाव्या शतकापासून बंदी होती आणि राष्ट्रीय सोडत सुरू झाली ती १९३३ साली. त्यामुळे १९३१ मधल्या मिशेलचे दहा लाख हे परदेशातून, परक्या चलनात, जवळजवळ परीकथेतून येतात आणि त्यांचे तो पुढे काय करणार, हे चित्रपट सांगत बसत नाही. आंत्वानचे तिकीट सरकारी आहे, रकमेला चालू बाजारातला भाव आहे. पहिल्या चित्रपटाने संसार दाखवावा ही अपेक्षा म्हणूनच मला अस्थानी वाटते. तो संसाराच्या अलीकडेच थांबतो.

शर्वरीने यावर आपल्याकडची आठवण काढली, ती प्रस्तुत होती. ‘आलम आरा’ही १९३१ सालचाच आणि प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ पुढच्या वर्षीचा. आपल्या बोलपटांनी रंगभूमीकडून पदे आणि गायकनट आदराने उचलून आणले. त्याच सुमारास पॅरिसच्या एपिने इथल्या टोबिस स्टुडिओत क्लेर हे रंगभूमीवरच्या गायकनटांना पडद्यावर आणत होते ते त्यांची खोडी काढण्यासाठी. तिला स्वतःला ही खोडी फार आवडली.

नानांना ती आवडली नव्हती. संगीत नाटकांच्या जाग्रणांवर पोसलेल्या या माणसाने इतका वेळ सगळ्यांचे ऐकून घेतले होते. आता ते म्हणाले की, मागच्या दोन पोरांच्या प्रेमाविषयी तुम्ही तासभर बोलता आहात, परंतु पुढे उभे राहून गाणाऱ्या त्या दोघांविषयी कोणीही चांगला शब्द काढलेला नाही. एकमेकांचे तोंड पाहण्याची इच्छा नसताना, डोक्यावर पाकळ्या पडत असताना, मागे कोण लपले आहे याचा पत्ता नसताना ते शेवटच्या सुरापर्यंत बेसूर न होता गातात. मिशेलला प्रेयसी मिळाली ती त्यांच्या मेहनतीवर. त्याचे श्रेय नाही, मोबदला नाही, वर अंगावरचा कोटही लोक ओढून नेणार!

“नाना,” वकील म्हणाले, “त्या संपूर्ण चित्रपटात प्रामाणिकपणे आपले काम करणारी तेवढीच दोन माणसे आहेत, आणि त्यांचे वकीलपत्र मी विनामूल्य घ्यायला तयार आहे.”