नियमावली दुसऱ्याची उचलू नका

नव्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘कंपनीचं घटनापत्रक आणि नियमावली म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी. मित्राच्या कंपनीचे कागद घ्या, नाव बदला. उद्देशात “सर्व कायदेशीर व्यवसाय” लिहा. भांडवल किमान 1 लाख लागतंच. आपसात ठरलेलं स्टॅम्पपेपरवर वेगळं लिहून ठेवा.’ घटनापत्रकात (मेमोरँडम) कंपनीचं नाव, उद्देश, भांडवल असतं; नियमावलीत (आर्टिकल्स) तिचा कारभार कसा चालवायचा ते. मी रोज हेच मसुदे करते, आणि यातला एकही सल्ला मला मान्य नाही.

1 लाखाची अट कंपनी कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंच गेली. मात्र तुम्ही जेवढे शेअर घ्याल म्हणून सही कराल, तेवढे पैसे भरावे लागतात आणि भरल्याची घोषणा 180 दिवसांत द्यावी लागते. चुकलात तर कंपनीला 50 हजारांचा दंड. ऐपतीबाहेरचा आकडा लिहू नका.

उद्देशाचं म्हणाल तर 1956 च्या कायद्यात ‘इतर उद्देश’ या सदरात वाट्टेल ते कोंबता यायचं. 2013 च्या कायद्यात ते सदरच नाही. आणि उद्देशाबाहेरचा व्यवहार सगळ्या सभासदांनी मिळून मान्य केला, तरी तो वैध होत नाही.

खरं दुखणं नियमावलीत आहे. ‘कायद्यातच तयार नमुना आहे की, टेबल एफ!’ असं मला ऐकवतात. आहे ना. त्यातला 68 वा नियम मी समोर बसलेल्या दोघांना मोठ्यानं वाचायला लावते: संचालक मंडळात समसमान मतं पडली, तर अध्यक्षाला दुसरं, निर्णायक मत. दोघे मित्र, निम्मे-निम्मे शेअर, दोघंच संचालक. एकाला नवं मशीन हवं, दुसऱ्याला नको. वयानं मोठा म्हणून ज्याला सहज अध्यक्ष केलं, त्याचंच चालणार. वाचून झालं की दोघंही गप्प होतात.

स्टॅम्पपेपरचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन खटल्यात 1991 मध्येच दिलंय. कुटुंबाच्या दोन शाखा, निम्मे-निम्मे शेअर. विकायचे झाले तर आधी आपल्याच शाखेत, असं आपसात ठरलेलं. एकानं दुसऱ्या शाखेला विकले. हे बंधन नियमावलीत नव्हतं, म्हणून न्यायालयानं ते मानलं नाही.

‘नंतर बदलू की’ म्हणणाऱ्यांसाठी: नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूनं. निम्मे शेअर ज्याच्या हातात, त्याच्या होकाराशिवाय ते जमणार नाही. आणि निर्णायक मत ज्याच्याकडे आहे, तो होकार कशाला देईल?