पोरांना मारामारी, पोरींना रडारड? त्या फॉरवर्डचं जरा बघूया

पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. तुम्हालाही आला असणार, वर मेंदूचं चित्र अर्धं निळं अर्धं गुलाबी आणि खाली चार मुद्दे. एक, मुलांचा मेंदू जन्मतःच अॅक्शन आणि हॉररसाठी बनलाय, मुलींचा रोमान्स आणि सिरियलसाठी. दोन, क्राईमच्या गोष्टी आणि गेम हे मुलांचंच काम. तीन, मुलगा लव्हस्टोरी बघत असेल तर तो बायकी व्हायलाय, वेळीच सावध व्हा. चार, मुलींना टीव्ही पुरतो, फोनची गरज मुलांना. शेवटी 'विज्ञानाने सिद्ध' आणि हात जोडलेले. मी बेळगावच्या वडगावात नववी-दहावीच्या ट्यूशन घेते, रोज ही पोरं समोर असतात, म्हणून म्हटलं गप्प बसायला नको.

आधी एक कबूल करते, फरक नाहीच असं माझं म्हणणं नाही. वर्गात 'आवडता पिक्चर?' विचारलं की पोरं मारधाडीची नावं घेतात आणि पोरी प्रेमाची, घरगुती, सरासरीत हे दिसतंच. पण सरासरी दिसली म्हणून लगेच 'बनलाय'वर कशी उडी मारता? दरवर्षी एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, निकालात पोरी पुढे असतात, म्हणून कोण म्हणतंय का की पोरांचा मेंदू परीक्षेसाठी बनलेलाच नाही? (काही पोरांच्या आया म्हणतील, ते सोडा.)

आणि मेंदूचंच म्हणाल तर २०१५ मध्ये इस्रायलच्या डाफ्ना जोएल आणि त्यांच्या टीमने १,४०० च्या वर माणसांचे एमआरआय तपासले. सगळे भाग 'पुरुषी' टोकाचे किंवा सगळे 'बायकी' टोकाचे असे मेंदू फार तर ८ टक्के सापडले, बाकी सगळी भेळ. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेच्या जॅनेट हाइड यांनी स्त्री-पुरुष फरकावरचे ४६ मोठे आढावे एकत्र वाचले, त्यातले ७८ टक्के फरक किरकोळ किंवा जवळजवळ शून्य निघाले. अंगावर जाऊन मारामारी करण्यात मात्र फरक त्यापेक्षा मोठा निघाला, ते पण सांगते, लपवत नाही. पण मारामारी करणं वेगळं आणि सोफ्यावर लोळत मारामारी बघणं वेगळं.

क्राईमचं तर उलटंच आहे. २०१० मध्ये व्हिकरी आणि फ्रेली या दोघांनी खऱ्या गुन्ह्यांच्या पुस्तकांवर अभ्यास केला, त्यात असली पुस्तकं पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त ओढतात असं आलं, आणि बाई गुन्हेगाराच्या तावडीतून कशी सुटली याची युक्ती पुस्तकात असेल तर आणखीनच. यात नवल काय? संध्याकाळी ट्यूशन सुटल्यावर अंधारातून घरी जायचं टेन्शन कुणाला असतं ते बघा की.

गेमचं थोडक्यात. अमेरिकेत प्यू रिसर्च या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात १३ ते १७ वयातली ९७ टक्के मुलं आणि ७३ टक्के मुली गेम खेळतात. मुलं जास्त, मान्य. पण चारातल्या जवळजवळ तीन पोरी खेळत असतील तर ते 'मुलांचंच काम' कसं काय?

आता बायकी. हे वाचून मला हसूच आलं, कारण आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. मी पण पुण्याच्या जावेसमोर तेवढं 'येते' म्हणते, घरात 'येतो'च. बेळगावात येऊन बायकी-पुरुषी शिकवताय व्हय! अहो संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये त्यांनी शाकुंतल आणलं, म्हणजे अस्सल लव्हस्टोरी, बायकांची कामं पुरुषांनी केलेली आणि समोर धोतर-पागोटेवाले रसिक डोलतायत, त्यांना कुणी सावध केल्याचं ऐकिवात नाही. जुनं नको असेल तर २०१६ चा सैराट घ्या. तोही प्रेमाचाच पिक्चर, आणि थिएटरात खुर्च्यांवर उभं राहून नाचणारी पोरंच होती. त्यात बुलेट आणि ट्रॅक्टर कोण चालवतंय तर नायिका. पुढच्या वर्षी तो कन्नडमध्ये आला तेव्हा पण तीच रिंकू राजगुरू होती. मग हा पिक्चर निळा की गुलाबी?

राहिला फोन, आणि माझा खरा राग इथंच आहे. असर या शिक्षणावरच्या देशभरच्या अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या ज्या पोरापोरींना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडं आणि १९.८ टक्के मुलींकडं. म्हणजे पोरगी बघते ती दादाच्या फोनवर, तो जेवायला बसला की वीस मिनिटं, नंतर हिस्ट्री पुसून परत. यूट्यूब सुचवणार ते दादाच्या आवडीचं आणि ॲपच्या हिशोबात तिनं बघितलेलं दादाच्याच खात्यावर. टीव्हीचं पण तसंच, सात वाजता रिमोट आजीकडं, बाबा आले की क्रिकेट, आणि ही बिचारी आत भाकऱ्या थापत सिरियल नुसती ऐकतेय, आणि आपण म्हणायचं हिला सिरियल आवडते.

शेजारी कोण बसलंय यावरही आवड बदलते. १९८६ मध्ये झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पोरापोरींना जोडीनं भुताखेताचा पिक्चर दाखवला, तर शेजारची मुलगी घाबरली की मुलाला मजा जास्त आली आणि शेजारचा मुलगा निवांत बसला की मुलीला. पिक्चर तोच बरं का!

म्हणून मी मागच्या शनिवारी एक केलं. आधी हात वर करून विचारलं तर अगदी त्या फॉरवर्डसारखं उत्तर आलं, पोरं एका बाजूला, पोरी एका बाजूला. मग नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. हे काही संशोधन नव्हे, पण बाकावरच्या दोन दांडगोबांनी कोरियन लव्हस्टोऱ्या लिहिल्या असाव्यात असा माझा अंदाज, पोरींकडून भुतं निघाली, केजीएफ हा मारधाडीचा कन्नड पिक्चर दोन्हीकडून निघाला, आणि वर्गातला खरा फरक कुणाच्या घरात कन्नड चॅनल चालतं आणि कुणाच्या मराठी हाच जास्त दिसला.

मेसेज टाकणाऱ्या काकांची मुलगी माझ्याकडंच येते. चिठ्ठीवर नाव नव्हतं पण अक्षर मी ओळखते. तिनं काय लिहिलंय ते ग्रुपवर सांगणार नाही, काका, तुम्ही घरी विचारून बघा, आणि विचारताना दादाला बाहेर पाठवा.