काउमानच्या गल्लीतून मिरजोळी

समान नागरी कायद्यावरून घरच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. दादाचं म्हणणं, ‘मुसलमानांत आतून सुधारणा कधी झालीच नाही, होणारही नाही.’ इंडोनेशियातल्या योग्यकर्त्यात राहून मला अकरा वर्षं झाली. दादाला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथल्या एका मुस्लिम सुधारकाची गोष्ट सांगते.

इथल्या सुलतानाच्या मोठ्या मशिदीला लागून काउमान नावाची जुनी वस्ती आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की स्कूटर हातात धरून चालावं लागतं. १८६८ साली इथे महंमद दरविश यांचा जन्म झाला. वडील याच मशिदीत खतीब, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन देणारे. मक्केला शिकून परतले ते अहमद दहलान हे नाव घेऊन. इजिप्तचे धर्मसुधारक महंमद अब्दुह यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मशिदीत लोक सरळ पश्चिमेला तोंड करून नमाज पढत. जावाहून मक्का वायव्येला येते, पश्चिमेपासून चोवीस-पंचवीस अंश उत्तरेकडे, हे दहलान यांनी हिशेब करून मांडलं. धर्माच्या मोठ्यांना ते सोसलं नाही. दहलान यांचं स्वतःचं छोटं प्रार्थनाघर पाडलं गेलं. गाव सोडून निघाले होते, नातलगांनी थांबवलं. ते पुन्हा बांधलेलं प्रार्थनाघर मी पाहिलंय. तिथे गेलं की आवाज आपोआप खाली येतो.

१८ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांनी मुहम्मदिया ही सुधारक संस्था स्थापन केली. मुलांना बाकांवर बसवून, फळ्यावर लिहून धर्म आणि गणित एकाच शाळेत शिकवलं, तेव्हा लोक त्यांना काफिर म्हणाले. त्यांची एक गोष्ट इथल्या शाळांमध्ये सांगतात. ते पुन्हा पुन्हा अल-माऊन ही सातच आयतींची सुरा, म्हणजे कुराणातला छोटा अध्याय, शिकवत. विद्यार्थी कंटाळले, म्हणाले, पाठ झाली. त्यांनी विचारलं, आचरणात आणलीत? मग त्यांना बाजारात पाठवलं, अनाथ, भुकेली माणसं शोधून आणा, त्यांना आंघोळ घाला, जेवू घाला. या सुरेत अनाथाला झिडकारणाऱ्याचाच धिक्कार आहे. १९१७ मध्ये पत्नी सीती वालिदा यांच्यासोबत आयशिया ही स्त्रियांची संघटना उभी राहिली. १९२३ मध्ये दहलान गेले, त्याच वर्षी संस्थेचा दवाखाना सुरू झाला. आज शंभराहून जास्त रुग्णालयं आहेत. माझी लेक तापाने फणफणली तेव्हा रात्री दोन वाजता मी त्यांतल्याच एकात धावले. आमचा धर्म कुणी विचारला नाही.

दहलान यांना मी देव करत नाही. त्यांनी स्वतः एकाहून अधिक लग्नं केली. धर्म शुद्ध ठेवण्याच्या संस्थेच्या आग्रहात जावातल्या कित्येक जुन्या चालीरीती मोडीत निघाल्या, आणि याची खंत बाळगणारी माणसं माझ्या शेजारात आहेत. पण हेही खरं, की १९७४ च्या विवाह कायद्याने इथे तलाक न्यायालयासमोरच घ्यावा लागतो. आपल्याकडे तोंडी तिहेरी तलाक रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

आपल्याकडे ही मागणी त्याआधी कितीतरी वर्षं झाली होती. १८ एप्रिल १९६६ रोजी लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. २२ मार्च १९७० ला पुण्यात त्यांचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, नावात जोतीबा फुल्यांचा वारसा घेऊन. दहलान यांनी कुराण हातात घेऊन सुधारणा केली. दलवाईंनी बुद्धिवाद आणि राज्यघटनेचा रस्ता धरला, जो जास्त कठीण होता. ४४ व्या वर्षी ते गेले. त्या सात बायकांच्या पाठीशी त्यांचा समाज नव्हता, आणि बाकीचे आपणही फार थोडे होतो. आता आपल्यापैकी कित्येकांना दलवाई आठवतात ते शेजाऱ्याला हिणवण्यापुरते. मला याची चीड येते. त्यांचं नाव घ्यायचं तर मंडळाच्या कामाला हात लावावा, तलाक मिळालेल्या बाईच्या पोटगीच्या खटल्यात तारखेला सोबत जावं.

दादा, दलवाईंचं मिरजोळी आपल्या चिपळूणला लागूनच आहे. आपण दोघं चिपळुणात शिकलो, वाढलो, आणि शाळेत त्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही. मे महिन्यात मी येतेय. मिरजोळीला आपण दोघं जाऊ.