“प्रॉपगेशन चालू आहे” हे उत्तर आता पुरे!

वेबसाइटचा सर्व्हर नव्या आयपीवर (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावर) हलवला. अर्ध्या लोकांना जुनी साइट दिसते, अर्ध्यांना नवी, ऑर्डरी सापडत नाहीत. आणि हलवणारा काय म्हणतो? “प्रॉपगेशन चालू आहे, २४ ते ४८ तास थांबा.” संताप येतो हे ऐकून. म्हणे नवा पत्ता जगभर पसरतोय. अरे, पसरत काहीच नसतं! डीएनएस रेकॉर्ड (डोमेनच्या नावाचा पत्ता सांगणारी नोंद) बदलला की तुमचे नेमसर्व्हर (त्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) लगेच नवा पत्ता सांगू लागतात. जुना पत्ता अडकून राहतो तो रिझॉल्व्हरच्या (ग्राहकाच्या वतीने पत्ता विचारणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, आणि किती वेळ राहायचं हे तुम्हीच लिहून दिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. तिथे ८६४०० सेकंद असेल तर २४ तास, ३०० असेल तर पाच मिनिटं.

मग हलवणारा हा टीटीएल आधी कमी का करत नाही? दोन मिनिटांचं काम आहे! तेही हलवायच्या दिवशी करून उपयोग नाही. सकाळी सातला ज्या रिझॉल्व्हरच्या कॅशेत ८६४०० घेऊन रेकॉर्ड गेला, तो दुसऱ्या दिवशी सातपर्यंत पुन्हा विचारायलाच येणार नाही. आठला तुम्ही ३०० केलंत हे त्याला कळणार कसं? जुना टीटीएल जितका, तितका वेळ आधी तो कमी करायचा आणि तेवढं थांबून मगच पत्ता बदलायचा.

४८ तासांचा आकडा येतो नेमसर्व्हर बदलण्यावरून. डॉट कॉमच्या बाजूला ‘या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते’ या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद आहे. पण फक्त सर्व्हर हलवायचा असताना नेमसर्व्हरला हात लावायचाच कशाला? ए रेकॉर्ड (जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्याची नोंद) बदला, संपलं. बदलणं भागच असेल तर जुन्या आणि नव्या दोन्हीकडे तेच रेकॉर्ड दोन-तीन दिवस ठेवा. तेव्हा डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर आधी रजिस्ट्रारकडचा (जिथे डोमेन नोंदवलं तिथला) डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीची ओळख सांगणारी नोंद, काढा, त्याचा टीटीएल संपू द्या. नाहीतर सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरांकडून थेट सर्व्हफेल (पत्ता मिळत नाही असा एरर) येतो आणि त्यांच्यामागच्या सगळ्यांसाठी साइट गायब होते.

सगळ्यात जास्त राग येतो तो विसरलेल्या एएएए रेकॉर्डचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्याच्या नोंदीचा. ए बदलला, आयपीव्ही६चा पत्ता तसाच जुना. घरच्या वायफायवर आयपीव्ही४ असेल तर साइट नवी, मोबाइल डेटावर आयपीव्ही६ असेल तर जुनी, आणि ग्राहकाला सांगायचं “कॅशे क्लिअर करा”! लेट्स एन्क्रिप्टची (साइटला मोफत सुरक्षा सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची) पडताळणीसुद्धा एएएए असेल तर आधी तिकडेच जाते. जुना सर्व्हर ४०४ (‘पान सापडलं नाही’) देतो, सर्टिफिकेट मिळत नाही, आणि दोष दिला जातो नव्या सर्व्हरला.

मेलचं तर कोणाच्या ध्यानातच नसतं. एसपीएफमध्ये (तुमचं मेल कोणत्या आयपीवरून येऊ शकतं ते सांगणाऱ्या नोंदीत) जुना आयपी तसाच, नव्या आयपीचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद) कोणी मागितलेलाच नाही. पीटीआर डोमेनच्या पॅनेलवर लिहून चालत नाही, ज्याच्याकडून आयपी घेतला त्याच्याकडूनच लावून घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून पीटीआर लागतो, शिवाय एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही). बिलं स्पॅममध्ये गेल्यावर मग धावपळ.

आणि डेटाबेस! कॅशेत जुना पत्ता असलेला ग्राहक जुन्या सर्व्हरवर ऑर्डर देतो, नव्यावर ती नसतेच. म्हणून आधी आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (संगणक डीएनएसच्या आधी पाहतो त्या नाव-पत्त्यांच्या यादीत) नवा आयपी टाकून साइट तपासा. मग जुन्या साइटवर लिहिणं बंद, शेवटचा डंप (डेटाबेसची प्रत) नव्यावर, आणि जुन्या सर्व्हरवरच्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रॅममधून येईल ती विनंती नव्या आयपीकडे वळवा. या वळवणीत, म्हणजे प्रॉक्सीत, आयपीच लिहा. नाव लिहिलंत तर एन्जिनएक्स सुरू होताना ते एकदाच शोधतो आणि तेव्हा मिळालेला जुना पत्ता धरून बसतो.

जुन्या सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत) दोन दिवस खरा ग्राहक दिसला नाही, की मगच तो बंद करा. आठवड्याचं भाडं जास्त पडलं तर पडू दे.