साहेबांना जरा समजून घ्या

नवीन साहेब आले की पहिल्याच आठवड्यात ते तुम्हाला चहाला खाली नेतील. मशीनच्या चहाला नाही, गेटबाहेरच्या टपरीवर. कटिंग स्वतःच्या हाताने तुमच्या हातात देतील आणि म्हणतील, "या टीममध्ये काम करणारा माणूस एकच आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं." लगेच विश्वास ठेवा. असलं वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकायला मिळतं? घरी तर नाहीच. हेच वाक्य सोमवारी एकाला आणि मंगळवारी दुसरीला ऐकवून झालंय का, हे शोधायच्या भानगडीत पडू नका. टपरीवाल्याला माहीत असतं, पण तो बोलत नाही. त्याचा चहा खपतोय.

मग घरचं सगळं सांगून टाका. गृहकर्ज किती, हप्ता किती, बायकोशी कशावरून वाजतं, नोकरी गेली तर किती महिने तग धराल. हिंजवडीच्या एका ऑफिसात मी हे सगळं सांगितलं, कारण साहेबांनी सुरुवात स्वतःपासून केली होती. वडील हार्ट अटॅकने गेले, शेवटच्या क्षणी आपण मीटिंगमध्ये होतो, हे सांगताना त्यांचा आवाज दाटला. माझ्या वडिलांची बायपास नुकतीच झाली होती. मी रडलोच. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

तीन महिन्यांनी अप्रेझलमध्ये तोच हात टेबलावर ठेवून ते म्हणाले, "घरच्या टेन्शनमुळे तुझं कामात लक्ष नाही, हे मी वर सांगून ठेवलंय. तुझ्याच काळजीपोटी."

त्याच वर्षी गणपतीत टीमला त्यांच्याकडे आरतीचं बोलावणं होतं. बेल वाजवली. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं.

अशा वेळी गोंधळून जाऊ नका. आजोबा ठणठणीत होते, त्यांनी आग्रहाने दोन-दोन मोदक वाढले, वर तूप सोडलं. मी साहेबांकडे पाहिलं. ओशाळणं, नजर चुकवणं, काही नाही. उलट मलाच म्हणाले, "बाबांच्या पाया पड ना." पडलो. तुम्हीही पडा.

या विषयावर शास्त्रवाल्यांनी बरंच लिहून ठेवलंय. हर्वी क्लेक्ली नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ सालीच अशा माणसांचं वर्णन केलं: वरून शहाणीसुरती, गोडबोली, आतून थंडगार. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांचा अभ्यास करून २० मुद्द्यांची तपासणी-यादी तयार केली. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. अमेरिका-कॅनडात साधारण ३० च्या वर गेला की तो माणूस सायकोपॅथ धरतात. हे गुण प्रशिक्षित तज्ज्ञानेच द्यायचे असतात, मुलाखत घेऊन आणि जुन्या नोंदी तपासून. आम्ही ते डबा खाताना दिले. साहेबांना ३७ पडले. मोदकांमुळे एक कापला होता.

यादीत काय काय आहे बघा: वरवरचा गोडवा, मीपणा, सराईत खोटेपणा, पश्चात्तापाचा पत्ता नाही, दुसऱ्याच्या जिवावर जगणं, स्वतःच्या कृत्याची जबाबदारी न घेणं. आता आपल्या ऑफिसचा तो 'लीडरशिप'चा तक्ता आठवा. तिथे मीपणाला आत्मविश्वास म्हणतात, पश्चात्ताप न होण्याला कठोर निर्णयक्षमता, आणि दुसऱ्याच्या जिवावर जगण्याला डेलिगेशन. माणूस तोच. तुरुंगात त्याला नंबर मिळतो, इथे केबिन.

ही नुसती माझी जळजळ नाही. हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कॉर्पोरेटमधल्या २०३ जणांना हीच फूटपट्टी लावली होती. सर्वसाधारण समाजात असे लोक १ टक्क्याच्या आसपास धरतात. इथे जवळपास ४ टक्के निघाले. जास्त गुणवाल्यांबद्दल कंपन्यांचं मतही मोठं गमतीचं होतं: संवादकौशल्य, कल्पकता, व्यूहरचना यांत उत्तम, माणसं सांभाळणं, टीममध्ये मिसळणं आणि प्रत्यक्ष काम यांत कच्चे. म्हणजे तोंडीला पैकीच्या पैकी, लेखीला नापास. आपल्याकडे तर तोंडीचेच मार्क धरतात.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर तुम्ही उद्या प्रत्येक साहेबाला गुण देत सुटाल. नुसता खडूस साहेब यात बसत नाही. खडूस माणूस वर-खाली सगळीकडे सारखाच खेकसतो, संध्याकाळी घरी जाऊन बायकोचं ऐकून घेतो, आणि कधीतरी 'काल जरा जास्तच बोललो' असंही पुटपुटतो. आमचे साहेब कधीच ओरडले नाहीत. लिफ्टमध्ये सिक्युरिटीवाल्याशी एक चेहरा, तिसऱ्या मजल्यावर आमच्याशी दुसरा, सातव्यावर डायरेक्टरांशी तिसरा. मधल्या मजल्यांवर काय घडायचं ते लिफ्टलाच ठाऊक.

असो. वागायचं कसं ते सांगतो. सगळं तोंडी ठेवा. एका शुक्रवारी रात्री साहेब म्हणाले, "टेस्टिंग राहू दे, रिलीज करून टाक, मी आहे." मी मेल टाकू का विचारलं. "अरे, आपल्या घरात आपण मेल टाकतो का?" मला भरूनच आलं. शनिवारी सकाळी क्लायंटची सिस्टीम बसली आणि कॉलवर त्यांचा तोच दाटलेला आवाज ऐकू आला: "मी त्याला परोपरीने सांगितलं होतं." तेव्हा 'काल संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मी अमुक करत आहे' असली दोन ओळींची मेल चुकूनही पाठवू नका. अशा मेलने चांगल्या माणसांची झोप उडते.

तक्रार करायचीच तर एकट्याने करा, आणि तारखा न लिहिता. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा माणसांच्या ऑफिसातसुद्धा समिती लागते. पण साहेबांनी जिवंत बाप मारून माझ्या गृहकर्जाची माहिती काढून घेतली, ही तक्रार त्या समितीकडे नेता येत नाही. आम्ही सात जण एचआरकडे गेलो. सात वेगवेगळ्या दिवशी. बाईंनी सातही वेळा मान हलवून "तुम्ही पहिलेच सांगताय" म्हटलं. शिवाय साहेबांनी त्यांनाही टपरीवर नेलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेही बरंच झालं. आम्ही डब्याच्या वेळी एकमेकांशी मन मोकळं केलं असतं तर सात तक्रारींची एक झाली असती, आणि सातव्या मजल्यावर उगाच धावपळ.

आता तुम्ही विचाराल, असा माणूस तुमच्याकडे आला कसा? आधीच्या ऑफिसने त्यांची शिफारस इतकी भरभरून केली होती की आमच्या लोकांनी दुसरा उमेदवार बघितलाच नाही. त्या आग्रहामागचं कारण मला गेल्या महिन्यात उलगडलं. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. साहेबांनी दुसरीकडे अर्ज केला होता आणि संदर्भ म्हणून माझं नाव दिलं होतं. पलीकडची मुलगी नम्रपणे विचारत होती, "सर, टीम सांभाळायला कसे आहेत?"

"सोनं आहे सोनं," मी म्हणालो. "त्यांना लवकरात लवकर कधी घेता येईल तुम्हाला?"